चाकं सध्या बाहेर आहेत

आमच्या मोटारीला सत्तर वर्षं पुरी झाली तेव्हा तिला एकही चाक नव्हतं.

बाकी सगळं होतं. काळा रंग होता (जिथं उरला होता तिथं), दोन्ही बाजूंना पंखासारखे मडगार्ड होते, समोर परातीएवढे दोन दिवे होते आणि त्यातल्या एका दिव्यात चिमणीचं घरटं होतं. आष्टीला आमच्या शेतात, कडब्याच्या गंजीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये ती विटांच्या चार थप्प्यांवर उभी होती. लांबून बघितलं तर ती जमिनीपासून हातभर वर तरंगत आहे असं वाटायचं. मला जवळून बघितलं तरी तसंच वाटायचं, पण मी पहिल्यापासून जरा तसाच आहे.

चाकं नसण्याचं कारण वाटणी. आजोबा गेले आणि त्यांच्या दोन मुलांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी आणि काकांनी, घर वाटून घ्यायचं ठरवलं. वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणतं, काकांना नाना. जमीन, विहीर, बैल, भांडी हे सगळं दोन दुपारांत वाटून झालं. पंच मोटारीपाशी येऊन अडले. अण्णा म्हणाले, मी थोरला, मोटार माझी. नाना म्हणाले, आजवर फडकं मी मारलं, मोटार माझी. तिसऱ्या दिवशी पंचांना आपापल्या घरची कामं आठवायला लागली आणि त्यांनी निवाडा दिला. मोटार अण्णांची, चाकं नानांची.

नानांनी त्याच संध्याकाळी चाकं काढून नेली. दोन चाकं त्यांनी बैलगाडीला बसवून घेतली आणि उरलेली दोन ओसरीत आडवी ठेवून, वर फळी टाकून, आल्यागेल्यासाठी बैठक केली. तेव्हापासून अण्णांच्या शेडमध्ये अजिबात न चालणारी मोटार आणि नानांच्या दारात परतूर तालुक्यातली सगळ्यात मऊ चालणारी बैलगाडी, अशी आमच्या घराण्याची परिस्थिती होती. दोघा भावांचं बोलणं बंद नव्हतं. पाऊस, बोंडअळी, कोणाची सोयरीक कुठं जमली, सगळं बोलायचे. मोटारीचा विषय निघाला की मात्र दोघंही आभाळाकडं बघायचे.

मी परतूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. रिटायर झालो आणि दुपारचं काय करायचं हा प्रश्न पडला. मग मी आष्टीला शेतात जाऊन मोटारीत बसायला लागलो. पत्र्याला बारीक भोकं होती. त्यातून उन्हाच्या काड्या आत यायच्या आणि त्यात धूळ हळूहळू फिरायची. आत जुन्या कातड्याचा, कडब्याचा आणि कशाचा तरी गोड वास यायचा. स्टिअरिंगवर हात ठेवले की शेडची भिंत विरघळायची. समोर पांढराशुभ्र कापूस, मधून लाल रस्ता, आणि मी चाललोय. कुठं, ते कधी ठरवलं नाही. एकदा मी असा बराच लांब गेलो होतो तेव्हा अण्णा खिडकीशी येऊन उभे राहिले.

"दिगंबर, कुठवर आलास?"

मी ओशाळलो. "इथंच आहे, अण्णा."

अण्णांनी मडगार्डवर हात ठेवला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठीसारखा वाळलेला हात. "एकदा बसायचं होतं रे," ते म्हणाले. "चालत्या मोटारीत. लहानपणी बसलो होतो तसं. बंद मोटारीत बसून कंटाळा आलाय."

एवढं बोलून ते गेले. अण्णा काही मागत नाहीत. त्यामुळं त्यांनी एकदा मागितलेलं माझ्या डोक्यात राहिलं.

त्याच आठवड्यात मला मोबाइलवर कळलं की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची सरकार आता वेगळी नोंद करतं. गाडी मूळच्या रूपात पाहिजे, धंद्याला लावायची नाही, आणि मग तिला खास नंबर मिळतो, त्यात व्ही आणि ए ही अक्षरं असतात. व्हिंटेज. मी तो शब्द दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. आमची मोटार, नवी कोरी पाटी लावून, लाल रस्त्यानं चाललेली मला दिसायला लागली.

मी हे बायकोला सांगितलं. सुमन भाजी निवडत होती.

"पन्नाशीच्या वर असल्यावर पाटी मिळती?" तिनं विचारलं.

"हो."

"आन् मूळच्या रूपात पाहिजे?"

"हो."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला गाड्यांच्या ऑफिसात गेलो. चौथ्या टेबलाला एक मॅडम होत्या. चष्मा, समोर कॉम्प्युटर, बाजूला डबा. मी आयुष्यभर शाळेत कागद रंगवलेले, त्यामुळं ऑफिसाची मला भीती नव्हती. (ही माझी पहिली चूक.)

"जुनी मोटार आहे," मी म्हणालो. "व्हिंटेज."

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांना बरं वाटलं असावं. दिवसभर दुचाक्याच येत असणार. "मूळचे कागद आहेत का?"

"आहेत. अण्णांच्या पेटीत."

"मालक कोण?"

"वडील."

"गाडी मूळच्या रूपात आहे? काही बदल केलेत का? इंजन, दारं, चाकं?"

मी घसा साफ केला. "चाकं सध्या बाहेर आहेत."

"बाहेर म्हणजे?"

"कापूस वाहून राह्यलेत."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "काका, मोटार इथं कापूस घेऊन येणारे का?"

"नाही, मोटार घरी आहे. फक्त चाकं कापूस वाहतात."

त्यांनी एक फॉर्म माझ्या हातात दिला आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "सगळी एका जागी आली की या."

म्हणजे नानांकडं जाणं आलं. मी गेलो तेव्हा नाना ओसरीत त्या दोन चाकांच्या बैठकीवरच बसले होते. मी समोर चटईवर बसलो. पाऊसपाणी झालं, कपाशीचं झालं. मग मी विषय काढला. नाना आभाळाकडं बघायला लागले. ओसरीला छत होतं, तरी बघत राहिले.

"तुझ्या बापानं पाठवलं का?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"न्हाई. मी माझ्या मनानं आलो."

"त्याला बसायचं असंल मोटारीत."

मी चटईची निघालेली काडी परत आत खोचायला लागलो.

"मला बी बसायचंय की," नाना म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "चाकं नेली तव्हा वाटलं, येईल चार दिसांत मागायला. म्हणंल, नान्या, चल, दोघं मिळून चालवू. म्या दोन वर्षं ती गाडीला घट्ट आवळली न्हाईत. चाळीस वर्षं झाली, न्हाई आला."

नानांनी डोळे पुसले आणि व्यवहारावर आले. "चाकं घेऊन जा. पर सरकारी कागदावर माझं नाव पाहिजे. तुझ्या बापाच्या बराबर. खाली न्हाई, शेजारी."

"बिलकुल," मी म्हणालो. "दोघांचं नाव लावतो."

घरी येऊन अण्णांना सांगितलं की नाना चाकं देतात. अण्णा म्हणाले, "दिली तर उपकार. पण मोटार माझ्या एकट्याच्या नावावर होईल ना? तेवढा निवाडा राहू दे."

"बिलकुल," मी म्हणालो. "तुमच्या एकट्याच्या."

(ही दुसरी चूक. मी छत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नये हे शिकवलं. शिकवता शिकवता मला ते कधी करून बघायला वेळच मिळाला नव्हता, त्यामुळं सराव नव्हता.)

अण्णांनी पेटीतून मोटारीचे कागद काढून दिले. पिवळे, घडीवर फाटलेले, आणि सगळे उर्दूत. हैदराबादच्या अमलातली पद्धत ती. अण्णा तो कागद दर दिवाळीला काढायचे, वर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हे बघ. इथं आपलं नाव आहे." घरात कोणालाच उर्दू येत नव्हतं, त्यामुळं कोणी शंका काढली नव्हती. कागद मराठीत नसतील तर भाषांतर जोडा असं मॅडमच्या फॉर्मवर होतं, म्हणून मी परतूरला खान गुरुजींकडं गेलो. ते उर्दू शाळेत शिकवायचे, माझ्या आधी रिटायर झाले होते, आणि संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे.

गुरुजींनी कागद नाकाजवळ नेला. मग लांब नेला. मग दोन बोटांनी अलगद खाली मांडीवर ठेवला, जणू झोपलेलं मूल.

"अक्षर फार सुंदर आहे," ते म्हणाले. "आजकाल असं कोणी लिहीत न्हाई. दिगंबरराव, मोटार कोणाची म्हणालात?"

"वडिलांची. म्हणजे काकांची पण. म्हणजे तसं बघितलं तर..."

"इथं लिहिलंय, मालिक, मुसम्मात गोदावरी."

"मुसम्मात म्हणजे?"

"बाईमाणसाच्या नावामागं लावायचे. आणि पुढं आहे बिन्त. बिन्त म्हणजे मुलगी. तुमच्या आजोबांची मुलगी गोदावरी. उम्र सहा वर्षं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अशी कोणी आहे का?"

होती. चांगली होती. गोदाआत्या, अण्णा आणि नानांची धाकटी बहीण, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला दिलेली, आता शहात्तर वर्षांची. गुरुजींनी चहा मागवला. मी तो कधी प्यायलो ते मला आठवत नाही. दोन भाऊ चाळीस वर्षं ज्या मोटारीवरून आभाळाकडं बघत होते, ती मोटार त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? घरी जाऊन दोघांना खरं सांगितलं असतं. मी पेढे घेतले, एक लुगडं घेतलं, मोटार दोन्ही भावांना दिल्याचा एक कागद टाइप करून घेतला आणि कोणाला न सांगता पिंपळगावला निघालो. आत्याची सही घ्यायची, तोंड गोड करायचं आणि विषय तिथंच मिटवायचा. बस भोकरदनकडं चालली होती आणि मी खिडकीशी बसून सगळं कसं सुरळीत होईल ते बघत होतो. मला असं पुढचं बघण्याची सवय आहे. ते कधीच तसं होत नाही, पण बघताना फार छान वाटतं.

आत्या अंगणात गहू पाखडत होत्या. पेढे घेतले, लुगडं घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी कागद पुढं केला. "आत्या, इथं जरा सही करता का? घरचंच आहे."

आत्यांनी सुपातला गहू डब्यात ओतला, हात पुसले, चष्मा लावला आणि कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"माझी मोटार आहे व्हय अजून?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक काय, मीच मागितल्ती की." त्या भिंतीला टेकून बसल्या आणि दाराबाहेर बघत सांगायला लागल्या. "बाबांचा कापूस त्या साली लई पिकल्ता. तिघांना समोर उभं केलं आन् म्हणले, मागा काय पाहिजे ते. अण्णानं घड्याळ मागितलं. नान्यानं गोऱ्हे मागितले, खिलारी. मी म्हणलं, मोटार."

"मंग?"

"मंग काय. तिघांना तिन्ही मिळालं. बाबा शब्दाचे पक्के होते. मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे. कापसातून जायचो आम्ही. धूळ अशी मागं उठायची, सोन्यासारखी." त्या थोडा वेळ त्या धुळीतच होत्या. मी पण होतो. "लग्न झालं आन् इकडं आले. तव्हा पिंपळगावला रस्ता कुठं होता? मोटार आणून ठेवायची कुठं, चिखलात? म्हणलं राहू दे, भाऊ सांभाळतेत." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरी हाय ना? चालती ना?"

मी जमिनीकडं बघितलं.

"दिगू."

"चाकं नाहीत, आत्या."

"कुठं गेली चाकं?"

मी सगळं सांगितलं. वाटणी, पंच, बैलगाडी, बैठक, आणि शेवटी माझी दोन्ही बिलकुलं. माझं झाल्यावर आत्यांनी माझा टाइप केलेला कागद घेतला, त्याच्या चार घड्या केल्या आणि गव्हाच्या डब्याचं झाकण ढिलं होतं त्याखाली नीट बसवला.

"उद्या सकाळी निघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आष्टीच्या शेतात, विटांवरच्या मोटारीसमोर, अण्णा आणि नाना शेजारी शेजारी उभे होते. एकाचं वय चौऱ्याऐंशी, दुसऱ्याचं एक्याऐंशी. माझ्या शाळेत काच फुटली की मुलं जशी उभी राहायची, तसे. खान गुरुजींनी लिहून दिलेलं भाषांतर मी मोठ्यानं वाचलं. आत्या मोटारीभोवती एक फेरी मारून आल्या. चिमणीच्या घरट्यापाशी जरा थांबल्या.

"अण्णा, तुझं घड्याळ कुठंय?"

"हरवलं," अण्णा म्हणाले. "लई वर्षं झाली."

"नाना, तुझे खिलारी?"

"मेले की ते. कव्हाच."

"म्हंजे तुम्हा दोघांचं संपलं. मंग माझ्यावर हात मारला."

दोघांनीही आभाळाकडं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मग नानांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि म्हणाले, "गोदे, म्या विसरलो. खरंच विसरलो. म्या तर याच्याच संगं भांडत होतो." अण्णा म्हणाले, "मी बी." इतकंच. आत्यांनी दोघांच्या पाठीवर एकेक धपका घातला. जोरात घातला. नाना तर दोन पावलं पुढं गेले.

"आता हे ऑफिसात न्यायचं कसं ते बोला," त्या म्हणाल्या.

पुढचे दहा दिवस मी नुसता इकडून तिकडं पळालो. बैलगाडीची चाकं निघाली आणि आता विटांवर बैलगाडी चढली. ओसरीतली बैठक मोडली. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं चाकं मोटारीला बसवली, इंजनात काय काय घातलं आणि म्हणाला, "सुरू होईल. पर गॅरंटी न्हाई." चिमणीची पिलं उडून गेल्याशिवाय दिवा पुसायचा नाही असं आत्यांनी सांगितल्यामुळं त्यात आणखी चार दिवस गेले. शेवटी एका सकाळी मोटार एका मोठ्या ट्रकवर चढवली, दोरांनी आवळली आणि जालन्याला निघायचं ठरलं.

"मी मोटारीतच बसणार," आत्या म्हणाल्या.

"आत्या, मोटार ट्रकवर आहे."

"दिसतंय मला."

त्या बसल्यावर अण्णा बसले. अण्णा बसल्यावर नाना बसले. तिघंही मागं, आत्या मधे. पुढं स्टिअरिंगवर मी. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला कोणीतरी पाहिजे, असं मी ट्रकवाल्याला कारण सांगितलं.

तो प्रवास मी कसा सांगू. आम्ही रस्त्याच्या किती तरी वर होतो. खाली रस्ता दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस, लांबपर्यंत, जणू कोणी ढग आणून वाळत घातलेत, आणि त्याच्यावरून आमची मोटार आवाज न करता चाललेली. बाभळीचे शेंडे खिडकीशी येऊन मागं जात होते. उघड्या काचेतून गार वारा येत होता. अण्णांनी डोळे मिटले होते. आत्यांनी दोघांचे हात आपल्या मांडीवर घेतले होते. वळण आलं की मी स्टिअरिंग वळवायचो. त्याची काही गरज नव्हती, पण वळवायचो.

"दिग्या," मागून नाना म्हणाले, "जरा हळू घे."

मी ब्रेकवर पाय ठेवला. ट्रकपण नेमका हळू झाला. पुढं फाटक होतं.

ऑफिसच्या आवारात मोटार उतरवली तेव्हा लायसन्सच्या परीक्षेला आलेली पोरं-पोरी गोळा झाली. मॅडम खाली आल्या. त्यांच्याबरोबर इन्स्पेक्टर साहेब होते, हातात फाइल.

"चाकं आली का परत?" मॅडमनी विचारलं.

"आली," मी म्हणालो. "पण मालक बदलले."

मी सगळं थोडक्यात सांगितलं. मॅडमनी भाषांतर वाचलं, मग आत्यांकडं बघितलं. "गोदावरीबाई तुम्ही? सहा वर्षांच्या असताना नावावर झाली?"

"सातवं लागलं होतं," आत्या म्हणाल्या.

साहेबांनी मोटार बारकाईनं तपासली. मूळचा रंग, मूळची दारं. मग म्हणाले, "सुरू करून दाखवा."

मोटारीला पुढून हँडल मारावं लागतं. ते काम माझ्याकडं आलं. आत्या स्टिअरिंगवर जाऊन बसल्या, मालकाची जागा म्हणून. मी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. अण्णा म्हणाले, उलटं फिरव. नाना म्हणाले, सुलटं फिरव. मी दोन्ही केलं. माझ्या शर्टाची दोन बटणं तुटली. परीक्षेची पोरं मोबाइल काढून उभी होती. दहाव्या वेळी आत्या आतून म्हणाल्या, "बाबा हे असं ओढायचे," आणि त्यांनी समोरचं एक बटण ओढलं. मी हँडल मारलं आणि मोटार जिवंत झाली.

जिवंत झाली आणि चालायला लागली. ती गिअरमध्ये आहे का हे बघायचं काम माझं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी हँडलासकट बाजूला उडी मारली, ती थेट कुंडीत.

मोटारीचा वेग फार नव्हता. म्हशीएवढा होता. आत्यांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि समोर बघत होत्या. मोटार परीक्षेच्या आठ आकड्याच्या रस्त्यावर शिरली. इन्स्पेक्टर साहेब खिडकीशेजारून चालत होते.

"आजी, ब्रेक दाबा."

"कोणता तो?"

"मधला."

"पाय पुरत न्हाई, साहेब. मी मांडीवर बसून शिकलेय."

साहेबांना हसू आवरेना. मोटारीनं पहिलं वळण घेतलं, मग दुसरं. मागं थोडी धूळ उठली. अण्णा त्या धुळीकडं बघत उभे होते आणि मग मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे माझे वडील काठी टाकून चालायला लागले, मोटारीशी गेले, मागचं दार उघडलं आणि चालत्या मोटारीत बसले. नाना दुसऱ्या बाजूनं बसले. कोणी त्यांना अडवलं नाही. तिघं भावंडं त्या आठ आकड्यात फिरत राहिली, एकदा, दोनदा. तिसऱ्या फेरीत तेल संपलं आणि मोटार आपोआप थांबली.

साहेबांनी फाइल उघडली. "चालू स्थितीत," त्यांनी लिहिलं. मग आत्यांना म्हणाले, "आठ बराबर काढलात. यातले निम्मे काढत न्हाईत."

महिना-दीड महिन्यात नोंदणी झाली. नव्या पाटीवर व्ही आणि ए अक्षरं आहेत. मोटार आता पिंपळगावला आत्यांच्या अंगणात असते. तिथं आता चांगला डांबरी रस्ता आहे, पण या नंबरच्या गाडीनं रोज फिरायचं नसतं, त्यामुळं ती बहुतेक वेळ उभीच असते. अण्णा आणि नाना दर महिन्याला मिळून बसनं तिथं जातात आणि मागच्या सीटवर बसून येतात. नावं कागदावर शेजारी आहेत का, असं दोघांपैकी कोणी परत विचारलं नाही.

त्या दिवशी नोंदणीसाठी मॅडमनी मोटारीचे चारही बाजूंनी फोटो काढले होते. तेल संपल्यामुळं मोटार ढकलत सावलीतून उन्हात न्यावी लागली आणि ती थांबते न थांबते तोच फोटो निघाले. सगळे सरकारी रेकॉर्डला आहेत. पुढून काढलेल्या फोटोत आत्या दिसतात. दोन्ही बाजूंच्या फोटोंत, खिडकीतून हात बाहेर काढून बसलेले, अण्णा आणि नाना दिसतात. मागून काढलेल्या फोटोत मोटार नीट दिसत नाही. ती ढकलायला एक माणूस वाकलाय, बटणं तुटलेला शर्ट दोन्ही बाजूंना लोंबतोय, पाठीला कुंडीतली माती लागलीय. या सगळ्या कामात सरकारकडं माझी जी काही नोंद झाली, ती तेवढीच.